किनारी शहराच्या प्रारूप विकास योजनेत आमच्या परड्यातून रस्ता आणि रापणीच्या जागेवर वाहनतळ : हरकत कशी लिहावी?

प्रश्न : शाहूपुरीकर

नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो. माझे वडील ४५ वर्षांपूर्वी नोकरीसाठी घाट चढून इकडे आले आणि इथलेच झाले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका छोट्या किनारी शहरात आमचे वडिलोपार्जित चिरेबंदी कौलारू घर, मागे परडे (घरामागची बाग), एक विहीर आणि चाळीसेक माड आहेत. शहराचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तेथे माझे धाकटे काका राहतात आणि विषय अजून सुनावणीपर्यंतही पोहोचलेला नाही. सातबाऱ्यावर सामाईक अकरा नावे आहेत आणि त्यांपैकी सात जण कोल्हापूर, पुणे व मुंबईत असतात.

गेल्या पंधरवड्यात नगरपरिषदेची प्रारूप सुधारित विकास योजना प्रसिद्ध झाली. काकांनी फलकावरच्या नकाशाची मोबाइलवर छायाचित्रे पाठवली, त्यांत दोन गोष्टी दिसतात. किनाऱ्याला समांतर जाणारा १२ मीटर रुंदीचा नवा रस्ता आमच्या परड्यातून, थेट विहिरीवरून दाखवला आहे. घराच्या पश्चिमेला, वाळूच्या उंचवट्याला लागून जो मोकळा पट्टा आहे, जेथे गाबीत (मच्छीमार) कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जाळी सुकवतात व होड्या ओढून ठेवतात, ती रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीची जागा आहे; तिच्यावर ‘वाहनतळ व पर्यटक सुविधा केंद्र’ असे आरक्षण टाकले आहे.

माझा पहिला प्रश्न असा की, हा सगळा भाग समुद्रापासून दीडशे-दोनशे मीटरच्या आत असल्यामुळे तो सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) येतो. मग तेथे रस्ता दाखवताच कसा येतो, आणि सीआरझेडमुळे तो होणारच नसेल तर हरकत घेण्याची खरोखर गरज आहे का? दुसरा प्रश्न घराचा आहे. मागील दोन खोल्यांच्या भिंती सुटल्या असून त्या पाडून पुन्हा बांधायच्या आहेत; नकाशावर रस्त्याची रेषा पडल्यावर आम्हांला परवानगी मिळेल का? तिसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो : रापणीची जागा आमच्या मालकीची नाही, तरी तिच्याबद्दल मी हरकत घेऊ शकतो का?

वडिलांचे वय आता ७८ आहे. नकाशा पाहिल्यावर त्यांनी विहिरीखेरीज दुसरे काहीही विचारले नाही. मुदतीचे सुमारे सोळा दिवस उरले आहेत.

उत्तर : भागनकाशा

मी नगररचना विभागात अनेक वर्षे नकाशे काढण्याचे व तपासण्याचे काम केले असून आता निवृत्त आहे. आपले तिन्ही प्रश्न योग्य आहेत. पहिल्या प्रश्नात मात्र एक गैरसमज दडलेला आहे आणि त्याच गैरसमजामुळे किनाऱ्यावरील अनेक लोक हरकतीची मुदत वाया घालवतात.

विकास योजना आणि किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा ही दोन वेगळ्या कायद्यांखालची दोन वेगळी कागदपत्रे आहेत. विकास योजना महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याखाली नगरपरिषद तयार करते आणि राज्य शासन तिला मंजुरी देते. किनारा आराखडा हा पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ याखालील सीआरझेड अधिसूचनेनुसार तयार होतो. पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ ची. विकास योजनेत रस्ता दाखवला म्हणून सीआरझेडची परवानगी मिळाली असे होत नाही, हे खरे आहे. परंतु जमीन सीआरझेडमध्ये आहे म्हणून विकास योजनेतील रेषा आपोआप पुसली जाते, असेही होत नाही. रस्ता प्रत्यक्षात वीस वर्षे झाला नाही तरी रेषेचा भार जमिनीवर राहतो : बांधकाम परवानगी अडते, कर्ज अडते, वाटणीच्या वेळी त्या तुकड्याला कोणी हात लावत नाही. म्हणून ‘सीआरझेड पाहून घेईल’ असे म्हणून स्वस्थ बसू नये.

आता दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून वाचा. नगरपरिषदेच्या हद्दीतील सगळी जमीन सीआरझेड-२ मध्ये असते अशी एक समजूत आहे, ती बरोबर नाही. सीआरझेड-२ मध्ये येण्यासाठी तो भाग बऱ्याच अंशी बांधलेला, म्हणजे एकूण भूखंडांपैकी निम्म्याहून अधिक भूखंडांवर बांधकाम असलेला, आणि रस्ते, पाणी, सांडपाणी अशा सुविधा असलेला असावा लागतो. छोट्या किनारी शहरांत बाजारपेठेचा भाग या वर्गात आणि माडबागांचा भाग सीआरझेड-३ मध्ये, म्हणजे तुलनेने कमी बांधकाम असलेल्या वर्गात, असू शकतो. सीआरझेड-३ मध्ये २०१९ च्या अधिसूचनेने दोन पोटवर्ग केले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तेथे भरती रेषेपासून (उधाणाचे पाणी पोहोचते त्या सर्वांत वरच्या रेषेपासून) ५० मीटरपर्यंत, आणि उरलेल्या ठिकाणी २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते. आपले घर यांपैकी कोठे बसते यावर आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर अवलंबून आहे.

आपली जमीन सीआरझेड-२ मध्ये असेल तर अधिसूचनेतील एक अट आपल्या हरकतीत शब्दशः यायला हवी. या वर्गात नवे बांधकाम अस्तित्वातील रस्त्याच्या किंवा अस्तित्वातील अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूसच करता येते. आणि अस्तित्वातील रस्त्याच्या समुद्राकडील बाजूस नवा रस्ता काढला, तर त्या नव्या रस्त्याच्या आधारे त्याच्या जमिनीकडील बाजूस बांधकामाची परवानगी देता येत नाही. याचा अर्थ असा की, किनाऱ्याला समांतर असा रस्ता समुद्राच्या बाजूला आखून मधली जमीन बांधकामासाठी मोकळी होईल अशी कोणाची अपेक्षा असेल, तर ती कायद्यात बसणारी नाही. मग त्या रस्त्याचा नियोजनाच्या दृष्टीने नेमका उपयोग काय, हा प्रश्न हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीपुढे ठेवावा.

वाळूच्या उंचवट्याकडेही तितकेच लक्ष द्या. वाळूच्या टेकड्या, कांदळवने, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे ही सीआरझेड-१ अ मध्ये, म्हणजे सर्वांत संरक्षित वर्गात मोडतात. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी तात्पुरत्या सोयी, जसे की शौचालय, कपडे बदलण्याची खोली, पिण्याचे पाणी, भरती रेषेपासून किमान १० मीटर अंतर ठेवून करता येतात. परंतु ‘तात्पुरत्या सोयी’ वेगळ्या आणि विकास योजनेतील कायमस्वरूपी वाहनतळाचे आरक्षण वेगळे. उंचवटा खरोखर वाळूची टेकडी आहे का, हे किनारा आराखड्याच्या नकाशावर पाहावे. तेथे दाखवला नसेल तर तिन्ही ऋतूंतील छायाचित्रे जोडावीत.

नकाशांच्या प्रमाणाबद्दल एक इशारा देतो. किनारा आराखडा १ : २५,००० या प्रमाणाचा असेल तर त्यावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील २५ मीटर. आपला १२ मीटरचा रस्ता त्या नकाशावर पेन्सिलीच्या रेषेएवढा असतो. आपली विहीर भरती रेषेपासून १८० मीटरवर आहे की २१० मीटरवर, हे त्या नकाशावरून ठरवायला जाऊ नका. १ : ४,००० या प्रमाणाचा स्थानिक नकाशा मागा, आणि विकास योजनेचाही मोबाइलवरचा फोटो नव्हे, तर आपल्या सर्व्हे क्रमांकाचा भागनकाशा शुल्क भरून घ्या. मी आयुष्यभर पाहिले आहे की, फोटोत विहिरीवरून जाणारी रेषा भागनकाशावर कधी कधी शेजारच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून जात असते, आणि कधी याच्या उलटही निघते.

घराच्या परवानगीबद्दल सांगायचे तर, परवानगी देताना प्रसिद्ध झालेल्या प्रारूप योजनेचाही विचार करावा, असे नगररचना अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे अंतिम मंजुरीची वाट न पाहता रेषेचा परिणाम आत्तापासूनच जाणवू शकतो. दोन खोल्या रस्त्याच्या रेषेबाहेर असतील तर मार्ग बराच सोपा आहे. स्वतःच्या राहण्यासाठी ३०० चौरस मीटरपर्यंतच्या बांधकामाला सीआरझेडच्या नियमांशी ते सुसंगत आहे हे पाहून स्थानिक प्राधिकरणच मान्यता देऊ शकते, त्यासाठी राज्याच्या किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. मात्र जुने घर अधिकृत असल्याचा पुरावा हाती ठेवा : घरपट्टीचे जुने उतारे, मालमत्ता पत्रक, १९९१ पूर्वीची वीजजोडणी, जे मिळेल ते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अगदी थोडक्यात देता येते. हरकत किंवा सूचना कोणत्याही व्यक्तीला देता येते. मालकी ही अट नाही.

उत्तर : दुधाळीकर

मी किनाऱ्यावरचा नाही, पण नकाशावरची रेषा आणि प्रत्यक्षातले पाणी यांतील अंतर आम्ही कोल्हापूरकरांनी घरात शिरलेल्या पाण्यातून शिकलो आहोत, म्हणून लिहितो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमच्याकडे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा असते, आणि दोन वर्षांच्या अंतराने दोनदा असे पाणी आल्यावर ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांवरचा सामान्य माणसाचा विश्वास उडाला.

त्या काळात एका नातेवाइकांच्या जमिनीसाठी, कोणत्या शहराच्या योजनेत ते सांगत नाही, आम्ही हरकत घेतली होती. मनात राग होता, आणि चाळीस जणांनी एकाच मजकुराच्या छापील अर्जावर सह्या केल्या. सुनावणीत सगळ्या अर्जांचा क्रम एकत्र पुकारला गेला, पाच मिनिटे ऐकून घेतले आणि ‘अमान्य’ असा एका ओळीचा शेरा आला. आमच्याच गल्लीतील एका निवृत्त शिक्षकांनी मात्र स्वतंत्र अर्ज केला होता. त्यांनी भिंतीवरील पाण्याच्या खुणा जमिनीपासून मोजल्या होत्या, त्यांची तारखेसह छायाचित्रे जोडली होती, आणि रस्ता दहा मीटर सरकवल्यास कोणाचेही घर न पाडता तो उंच भागातून जातो हे मोजणीच्या नकाशाच्या प्रतीवर लाल शाईने दाखवले होते. त्यांची सूचना अंशतः मान्य झाली. आमच्या चाळीस सह्यांपेक्षा त्यांची एक मोजपट्टी वजनदार ठरली, हे मान्य करायला मला बराच काळ लागला.

आपण श्रावणातील उधाणाच्या भरतीची छायाचित्रे आवर्जून जोडावीत, असे मी सुचवतो.

उत्तर : भागनकाशा

दुधाळीकरांची सूचना चांगली आहे, फक्त तिचा वापर कशासाठी करायचा ते स्पष्ट असावे. उधाणाच्या वेळी पाणी जमिनीवर ज्या सर्वांत वरच्या रेषेपर्यंत पोहोचते ती भरती रेषा, अशी व्याख्या असली, तरी ती रेषा केंद्र शासनाने प्राधिकृत केलेल्या संस्थांनीच आखायची असते. आपल्या छायाचित्रांनी रेषा बदलत नाही. वाहनतळाची जागा उधाणात ओली होते, एवढे मात्र छायाचित्रे निश्चित सिद्ध करतात, आणि आरक्षणाच्या जागेची योग्यता तपासताना ते पुरेसे बोलके आहे. पाण्याच्या पातळीतील चढउतार, समुद्रपातळीतील वाढ आणि किनाऱ्यातील बदल लक्षात घेऊन आखलेली धोका रेषा ही आणखी वेगळी असते. तिची गल्लत भरती रेषेशी करू नये.

उत्तर : रेवेकाठचा

मी सिंधुदुर्गातच किनाऱ्यावर राहतो, आमच्या घरात रापण होती, आणि माझी मुलगी कोल्हापुरात शिकते म्हणून या चर्चा वाचत असतो. शाहूपुरीकरांनी रापणीच्या जागेचा प्रश्न स्वतःहून मांडला, याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे. घाटावर गेलेल्या कुटुंबांकडून सहसा फक्त आपल्या परड्याची चौकशी होते.

ती जागा नकाशात ‘मोकळी’ का दिसते, हे आधी समजून घेतले पाहिजे. योजना तयार करण्यापूर्वी विद्यमान भूवापराचा नकाशा करायचा असतो, आणि त्यासाठी माणसे एखाद्या सकाळी येऊन पाहणी करून जातात. मासेमारीच्या हंगामात सकाळी तेथे काय असते? होड्या पाण्यात असतात, माणसे पाण्यात असतात, आणि वाळूवर चार बांबू व एखादी फाटकी जाळी एवढेच दिसते. तीच जागा १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात पाहावी. तेव्हा झावळ्यांच्या झापांखाली होड्या एकीला एक लागून उभ्या असतात, आणि पाऊस उघडला की जाळी दुरुस्तीला पसरलेली असते. त्या दोन महिन्यांत तेथे एक दुचाकीसुद्धा लावता येणार नाही. म्हणून आपल्या अर्जासोबत पावसाळ्यातील छायाचित्रे जोडा. काकांकडे नसतील तर शेजारच्या वाडीतील कोणाच्याही मोबाइलमध्ये नारळी पौर्णिमेच्या आसपासची छायाचित्रे नक्की सापडतील.

रापण ही वैयक्तिक धंद्याची गोष्ट नसते. एक जाळे ओढायला दोन्ही दोरांवर मिळून कितीतरी माणसे लागतात, किनाऱ्याची लांब सलग पट्टी लागते, आणि मासळी वर आणायला वाट लागते. वाट गेली की रापण गेली. सीआरझेड अधिसूचनेनुसार मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, मासळी सुकवण्याच्या जागा, धक्के, बर्फाचे कारखाने हे सर्व किनारा आराखड्यात दाखवणे अपेक्षित आहे. ते दाखवले आहे का ते पाहा. दाखवले असेल तर विकास योजनेतील आरक्षण त्या नोंदीच्या थेट विरुद्ध जाते. दाखवले नसेल तर ती चूक दुरुस्त करण्याचे पत्र वेगळ्या ठिकाणी, राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे द्यावे लागेल, आणि ते पत्र मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावाने गेले तर अधिक योग्य होईल. आमच्या वतीने बोला, पण आमच्या जागी उभे राहून बोलू नका, एवढीच विनंती आहे.

रस्त्याबद्दल मात्र माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही. आम्हांला रस्ता हवा आहे. बर्फाची गाडी वळवायला जागा नाही म्हणून पाट्या डोक्यावरून वाहाव्या लागतात, आणि रात्री कोणी आजारी पडले तर रुग्णवाहिका मुख्य रस्त्यावरच थांबते. म्हणून ‘रस्ता पूर्णपणे रद्द करावा’ असे लिहिण्याऐवजी जुनी पाणंद (अरुंद गाडीवाट) रुंद करून ६ किंवा ९ मीटरचा रस्ता करावा, असे लिहाल तर आमचीही सही मिळेल. पाणंद रुंद करताना आपल्या परड्याचा दीड-दोन मीटरचा पट्टा द्यावा लागेल, तो द्यायची तयारी ठेवा.

उत्तर : वकीलपेठ

मी कोल्हापुरात वकिली करतो, जमीन व नियोजनविषयक प्रकरणे पाहतो. येथील लेखन म्हणजे कायदेशीर सल्ला नव्हे. आपली कागदपत्रे पाहिल्याशिवाय कोणीही तो देऊ नये.

मुदतीपासून सुरुवात करतो. नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खालील हरकती व सूचना यांची ३० दिवसांची मुदत राजपत्रातील सूचनेच्या दिनांकापासून मोजली जाते. आपण ‘गेल्या पंधरवड्यात’ म्हणता, तो दिनांक फलकावरचा, वर्तमानपत्रातला की राजपत्रातला, हे आजच तपासा, कारण सोळा दिवस हे कदाचित अकराच असतील. माहितीच्या अधिकाराखाली कागद मागवून ते आल्यावर हरकत लिहू, असा विचार कोणी केला तर तो सोडून द्यावा. त्या अर्जाच्या उत्तराची मुदतही ३० दिवसांचीच आहे, आणि कागद हाती पडेल तेव्हा हरकतीचे दार बंद झालेले असेल. आधी हरकत दाखल करा, तीत ‘अधिक कागदपत्रे सुनावणीच्या वेळी सादर करण्याचा हक्क राखून ठेवत आहे’ असे लिहा, आणि माहितीचा अर्ज त्याच दिवशी वेगळा द्या.

अकरा सहहिस्सेदारांपैकी सर्वांच्या सह्या गोळा करण्यात दिवस घालवू नका. प्रत्येकाला स्वतंत्रपणे हरकत घेता येते. आपण आणि काका यांनी दोन वेगळ्या अर्जांत लिहिले तरी चालेल, मात्र दोन्ही अर्जांतील मोजमापे एकमेकांशी जुळली पाहिजेत. हरकतदारांना कलम २८ खाली नियोजन समितीपुढे म्हणणे मांडण्याची संधी मिळते. त्या समितीत नियोजन प्राधिकरणाच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले चारपर्यंत जाणकार असतात. त्या सुनावणीला स्वतः जा. काका एकटे गेले आणि आपण कोल्हापुरातून फोनवर राहिलात, तर मोजपट्टीचा मुद्दा तेथे नीट मांडला जाणार नाही.

रेषा कायम राहून योजना अंतिम झाली तर काय, हेही समजून ठेवा. आरक्षण म्हणजे संपादन नव्हे. कलम १२६ नुसार जमीन सहमतीने, किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) अथवा वाढीव चटई क्षेत्राच्या बदल्यात, किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घ्यावी लागते, आणि तोवर ती आपलीच असते. छोट्या नगरपरिषदेच्या हद्दीत टीडीआरला गिऱ्हाईक मिळणे अवघड असते, त्यामुळे तो कागद पुण्या-मुंबईइतका मोलाचा समजू नका. अंतिम योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन झाले नाही तर कलम १२७ खाली खरेदी सूचना (जमीन संपादन करा, अशी मालकाची नोटीस) देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादन किंवा त्या दिशेने ठोस पाऊल उचलले गेले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. नुसता प्रस्ताव पाठवणे हे ठोस पाऊल नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे.

आपली योजना ‘सुधारित’ आहे, म्हणजे आधीची मंजूर योजना अस्तित्वात आहे. त्या जुन्या योजनेतही आपल्या जमिनीवर एखादे आरक्षण किंवा रस्ता होता का, हे आजच पाहा. दहा वर्षे उलटूनही मालकाने सूचना दिली नाही आणि मध्येच सुधारित योजना अंमलात आली, तर दहा वर्षांची मोजणी नव्याने सुरू होते, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतलेली आहे. अनेक कुटुंबे या एका कारणाने तीस-तीस वर्षे अडकलेली मी पाहिली आहेत.

न्यायालयात जाण्याची घाई मात्र करू नका. प्रारूप टप्प्यावर न्यायालय पहिला प्रश्न हाच विचारते की आपण हरकत घेतली होती का. पुढे खरोखर वेळ आलीच तर मुंबईला खेपा घालाव्या लागणार नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. आपल्या काकांसाठी आता उच्च न्यायालय गगनबावड्याचा घाट चढला की गाठता येते, ही लहान गोष्ट नाही. सीआरझेडच्या उल्लंघनाचा स्वतंत्र मुद्दा उद्भवला तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. तेथे वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते.

उत्तर : राजारामपुरी ७

मी त्याच पट्ट्यात पाच गुंठ्यांचा भूखंड घेतलेला आहे. प्रारूप योजनेत तो हरित पट्ट्यात दाखवला आहे. तो रहिवास विभागात घ्यावा अशी सूचना मला देता येईल का?

उत्तर : भागनकाशा

देता येईल. मात्र ‘मी विकत घेतला आहे’ हे विभाग बदलण्याचे कारण होत नाही. त्या भागाला पोहोच रस्ता आहे का, पाणीपुरवठा पोहोचतो का, पावसाळी व्हाळ (ओढा) कोठून जातो, लगतचा विभाग कोणता आहे, याची उत्तरे अर्जात असावीत. स्पष्ट सांगायचे तर, किनाऱ्यावरील छोट्या शहरांच्या योजनांत हरित पट्टा कमी करण्याची मागणी बहुतेक वेळा गावात न राहणाऱ्या भूखंडधारकांकडून येते, आणि त्यांत आपल्या कोल्हापूरकरांची संख्या थोडी नसते. जेथे उन्हाळ्यात विहिरींना मचूळ पाणी लागते, तेथे प्रत्येक पाच गुंठ्यांवर एक कूपनलिका झाली तर काय होईल, याचा विचार अर्ज लिहिण्यापूर्वी करावा, ही माझी प्रांजळ विनंती आहे.

शाहूपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या चार दिवसांत जे केले ते सांगतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग झाला तर होईल.

राजपत्राचा दिनांक तपासला. वकीलपेठ यांची शंका खरी ठरली. हातात सोळा नव्हे, बाराच दिवस होते. शनिवारी पहाटे गगनबावड्यामार्गे खाली उतरलो. भागनकाशा शुल्क भरून घेतला आणि काकांसह टेप लावून मोजले. रेषा विहिरीवरून जात नाही. पण विहिरीच्या कठड्यापासून तिचे अंतर जेमतेम सव्वा मीटर आहे आणि अकरा माड तिच्या आत येतात. पडक्या दोन खोल्या रेषेच्या बाहेर आहेत. जुन्या मंजूर योजनेत आमच्या जमिनीवर काहीही नव्हते.

रेवेकाठच्या यांचे म्हणणे मी वडिलांना वाचून दाखवले. पाणंद त्यांच्या लहानपणी बैलगाडी जाईल एवढी होती आणि पुढे दोन्ही बाजूंचे गडगे आत सरकत गेले, असे त्यांनी सांगितले. त्यांत आमचाही गडगा आहे. तो मागे घ्यायला ते तयार आहेत. तशी संमती त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली असून ती अर्जाला जोडतो आहे.

हरकतीचे दोन वेगळे अर्ज केले आहेत. रस्त्याच्या अर्जातील मुख्य परिच्छेद असा आहे : “सर्व्हे क्रमांक व हिस्सा वर नमूद केल्याप्रमाणे. प्रस्तावित १२ मीटर रुंद रस्ता अस्तित्वातील रस्त्याच्या समुद्राकडील बाजूस असून सीआरझेड अधिसूचना २०१९ नुसार त्याच्या आधारे जमिनीकडील बाजूस नव्या बांधकामास परवानगी देता येत नाही. स्थानिक वाहतूक, बर्फाची वाहने व रुग्णवाहिका यांची गरज लक्षात घेता, सोबतच्या नकाशावर लाल शाईने दाखविल्याप्रमाणे अस्तित्वातील पाणंद ९ मीटरपर्यंत रुंद करावी. त्यासाठी लागणारी आमच्या बाजूची जमीन देण्यास अर्जदार क्रमांक १ यांची लेखी संमती जोडली आहे. विहीर वापरात असून तीन घरे तिच्यावर पाणी भरतात.”

दुसरा अर्ज रापणीच्या जागेचा. तो मच्छीमार सहकारी संस्थेने आपल्या नावाने, आपल्या शब्दांत लिहिला. मी फक्त कलमे शोधून दिली आणि पावसाळ्यातील सात छायाचित्रांच्या मागे तारखा लिहिल्या. वाहनतळासाठी बाजारपेठेजवळची एक पर्यायी जागाही त्यांनी सुचवली आहे. किनारा आराखड्यात त्यांची सुकवणीची जागा दाखवलेली नाही, त्यामुळे राज्य प्राधिकरणासाठीचे पत्र वेगळे तयार होत आहे.

एक शंका राहिली आहे : अर्ज टपालाने पाठवावेत की प्रत्यक्ष द्यावेत?

उत्तर : वकीलपेठ

प्रत्यक्ष द्या. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आवक क्रमांक, दिनांक व शिक्का असलेली पोच दुसऱ्या प्रतीवर घ्या. जोडलेल्या कागदांची पाने मोजून तो आकडा अर्जातच लिहा, आणि लाल शाईच्या नकाशाची रंगीत प्रत काढा. झेरॉक्समध्ये लाल रेषा काळी होते, आणि मग प्रस्तावित रस्ता कोणता व आपण सुचवलेला कोणता, हे समितीपुढे कळत नाही.